अवसेची रात्र आणि मागची बत्ती

लातूर–नांदेड रस्त्यावरची वर्षातली सगळ्यात अवघड रात्र कोणती, असं एखाद्या जुन्या एसटी ड्रायव्हरला विचारलं, तर तो पावसाळ्यातली रात्र सांगेलच असं नाही. मार्गशीर्षाच्या शेवटच्या दोन रात्रींचं नाव तो बहुधा आधी घेईल. वद्य चतुर्दशीला लोहा तालुक्यातल्या माळेगावात खंडोबाची यात्रा सुरू होते. देवस्वारी निघते, घोडे, बैल, गाढवं, उंट यांचा बाजार भरतो आणि माणसांचे लोंढे माळेगावच्या दिशेने येऊ लागतात. दुसऱ्या दिवशी अवस. ती लातूर जिल्ह्याची वेळ अमावस्या, गावच्या बोलीत येळवस. त्या दिवशी लातूर शहरात दुकानं बंद असतात, जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी जाहीर करतात आणि अख्खा जिल्हा शेतात जाऊन कडब्याच्या कोपीपुढे आंबील, भज्जी आणि उंड्यांवर ताव मारतो. संध्याकाळी सगळे एकदमच परतीला लागतात. कोणी मोटारसायकलवर तिघं, कोणी टेम्पोत, कोणी ट्रॅक्टरमध्ये दाटीवाटीने. वर चंद्र नाही, अंगात थंडी भरलेली, पोट जड झालेलं. त्यातच साखर कारखान्यांचा हंगाम भरात आलेला असतो, म्हणजे उसाच्या ट्रॉल्याही त्याच रस्त्यावर.

हिवाळ्यातली वाहनं सांभाळण्याच्या गोष्टी जगात बहुतेक ठिकाणी बर्फाच्या असतात. चाकांना साखळ्या, रस्त्यावर मीठ, टायर वेगळे. मराठवाड्याच्या वाट्याला यातलं काहीच आलं नाही. इथला हिवाळा कोरडा आणि आभाळ निरभ्र. गाडी घसरण्याची भीती फारशी नाही. भीती आहे ती पुढचं न दिसण्याची. म्हणून नांदेड–लातूरच्या रस्त्यांवरचा हिवाळ्यातल्या सुरक्षेचा इतिहास बराचसा एका बत्तीचा इतिहास आहे. ही बत्ती पुढची नव्हे, मागची.

ऊस यायच्या कितीतरी आधीपासून या रस्त्यांवर हिवाळ्यात रात्रीची रहदारी होती. खरीप निघाला की कापूस, तूर, ज्वारी बाजाराकडे निघायची. बार्शी लाइट रेल्वेची नॅरो गेज १९११ साली लातूरला पोचली आणि आसपासच्या तालुक्यांतला माल लातूरच्या आडतीत उतरू लागला. नांदेडला त्याआधी, १९००च्या सुमारास, हैदराबाद–मनमाड मीटर गेज आली होती. पुढे उस्मानशाही मिल उभी राहिली आणि कापसाच्या गाड्यांना ठिकाण मिळालं. गाडीवान दिवसा बैलांना चारा-पाणी करून संध्याकाळी जुंपायचे, म्हणजे पहाटे आडत गाठता यायची. दहा-पंधरा गाड्यांची रांग असायची. पहिल्या गाडीचा गाडीवान जागा, बाकीचे घोंगडी लपेटून मालावर आडवे. बैलांना वाट ठाऊक असे.

या रांगेचा दिवा होता कंदील. तो गाडीवर टांगत नसत, खाली आसाजवळ टांगत. वाऱ्यापासून ज्योत वाचायची, चाकोरी दिसायची, आणि बैलांच्या पायांच्या लांबलचक सावल्या दोन्ही बाजूंना हलत राहायच्या. मागून येणाऱ्याला कंदिलापेक्षा त्या हलत्या सावल्याच लांबून कळायच्या. जोडीला घुंगुरमाळा. मागून येणाराही बैलगाडीवाला किंवा घोडेस्वार असल्यामुळे एवढं पुरेसं होतं. कंदील महाराष्ट्रातच घडू लागला, कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा ‘प्रभाकर’ घराघरांत पोचला. रॉकेल मात्र विकत घ्यावं लागे आणि ते जपून जाळण्याचीच रीत होती. चांदणी रात्र असली की कंदील विझलेला. दुष्काळी मुलखाची ही काटकसर पुढे ट्रॅक्टरच्या बॅटरीपर्यंत टिकली, हे लक्षात ठेवायला हवं.

मोटार आली ती निजामाच्या राज्यात. जून १९३२ मध्ये निजाम स्टेट रेल्वेने स्वतःचा रस्ता वाहतूक विभाग सुरू केला. २७ गाड्या, १६६ नोकर. गाड्या स्कॉटलंडच्या ‘अल्बियन’ कंपनीच्या. रेल्वेनेच सरकारी बस चालवायची, हा प्रयोग तेव्हा देशात नवा होता. धुकं आणि बर्फात चालायला बनलेल्या त्या गाड्या मुरमाच्या रस्त्यांवर धुरळा खात फिरल्या. बसचं जाळं पुढे मराठवाड्याच्या जिल्ह्यांत पसरलं, १९५६च्या राज्य पुनर्रचनेनंतर मुंबई राज्याकडे आलं आणि १९६१ मध्ये महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळात विलीन झालं. ‘एसटी पहिल्यांदा १ जून १९४८ला पुणे–नगर धावली’ ही गोष्ट महाराष्ट्रात सगळे सांगतात. मराठवाड्याची सरकारी बस तिच्याहून सोळा वर्षांनी थोरली आहे, हे सहसा कुणी सांगत नाही.

बसने रस्त्यावर पहिल्यांदा वेगाची तफावत आणली. तासाला तीन-चार किलोमीटर चालणारी गाडी आणि तिच्या मागून चाळीस-पन्नासने येणारी बस. आसाखालचा कंदील आता अपुरा पडू लागला. तरीही मामला निभावला, कारण बसगाड्या मोजक्या होत्या आणि रस्ता इतका खराब की वेग आपोआप आवरला जायचा. हिवाळ्यातली खरी पंचाईत काचेची. आत पन्नास माणसांचा श्वास, बाहेर गारठा. काच आतून दाटायची. ड्रायव्हर हातातल्या फडक्याने एक गोल पुसायचा आणि त्या गोलातून रस्ता बघायचा. खिडक्या उघडल्या तर काच स्वच्छ होते, पण मग प्रवासी ओरडतात. आजही एसी नसलेल्या गाडीत हाच उपाय आहे आणि ओरडाही तोच आहे.

चित्र बदललं पाण्याने. १९६०च्या दशकात येलदरी-सिद्धेश्वर, मनार अशी धरणं झाली. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींनी जायकवाडीची पायाभरणी केली. पुढे मांजरा धरण आणि नांदेडजवळ गोदावरीवर विष्णुपुरी. शंकरराव चव्हाणांचं नाव या सगळ्या पाण्याशी जोडलेलं आहे. पाण्यामागे ऊस आला, उसामागे कारखाने. नांदेड जिल्ह्यात कलंबर, शंकरनगरचा गोदावरी मनार, नंतर भाऊराव चव्हाण. लातूरकडे किल्लारी आणि विलासराव देशमुखांनी उभा केलेला मांजरा. १६ ऑगस्ट १९८२ला उस्मानाबादेतून वेगळा झालेला लातूर जिल्हा बघता बघता उसाचा पट्टा झाला. पुढे पाण्याने आपली किंमत वसूल केली. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन ‘जलदूत’ लातूरला आली, ते साऱ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. असा दुष्काळ पडला की पुढच्या हंगामात ऊस नसतो, काही कारखान्यांचे बॉयलर पेटतच नाहीत आणि हिवाळ्यातले रस्ते रात्री मोकळे असतात. एरवी दुःखाचीच असलेली ही एक बाब वाहनचालकांच्या पथ्यावर पडते.

उसाची वाहतूक सुरुवातीला बैलांनीच केली. कारखाने ऊसतोड कामगारांना रबरी टायरची गाडी द्यायचे, बैल कामगाराचे. टोळ्यांच्या बोलीत त्याला ‘टायर सेंटर’ म्हणतात. लाकडी गाडीपेक्षा या गाडीत माल जास्त बसे, दीड-दोन टन सहज. ती डांबरी रस्त्यावर आवाज न करता चालायची. धावेचा खडखडाट गेला तसा रात्रीच्या रस्त्यावरचा एक इशाराही गेला. तोपर्यंत मागच्याला गाडी आधी ऐकू यायची आणि मग दिसायची. आता ती फक्त दिसू शकत होती, आणि मागे मात्र काहीच नव्हतं. पुढच्या बाजूला बैलांचे डोळे हेडलाइटमध्ये चमकतात. मागून बघणाऱ्याला उसाच्या मोळ्यांचा मातकट ढीग दिसतो, तो रात्री रस्त्यात मिसळून जातो.

मांजऱ्याच्या आणि गोदावरीच्या खोऱ्यात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे धुकं पडतं, तेव्हा ही गोष्ट आणखी बिकट होते. आभाळ स्वच्छ, वारा पडलेला, जमीन रात्रभर उष्णता सोडून गार झालेली आणि शेतात पाण्याचा ओलावा. खोलगट जागी धुकं आधी साचतं. अहमदपूरकडच्या बालाघाटाच्या माथ्यावर स्वच्छ चांदणं असतं आणि नदीच्या पुलाशी उतरल्यावर बोनेटच्या पलीकडचं दिसत नाही. धुक्याचा सावत्र भाऊ म्हणजे पाचटाचा धूर. ऊस तुटला की फडातलं पाचट संध्याकाळी पेटवून देण्याची पद्धत अजून गेलेली नाही. हिवाळ्यात गार हवा जमिनीलगत बसते, धूर वर जात नाही, रस्त्यावर आडवा पसरतो. पाचट जमिनीत कुजवा असं कृषी खातं वर्षानुवर्षं सांगतंय. ते जमिनीच्या कसासाठी. रस्त्यावरच्या जिवांसाठी म्हणून हे फारसं कुणी सांगत नाही.

मग ट्रॅक्टर आला. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, वीस-वीस टनांची खेप. याच काळात रस्ते सुधारत गेले. २००८ मध्ये नांदेडला गुरु-ता-गद्दीचा तीनशेवा सोहळा झाला, तेव्हा शहराच्या रस्त्यांचं रूप पालटलं. पुढे तुळजापूर–औसा–लातूर–अहमदपूर–लोहा–नांदेड हा मार्ग राष्ट्रीय महामार्ग ३६१ म्हणून रुंद झाला. पुण्याला शिकायला आणि नोकरीला गेलेल्या पोरांमुळे रात्रीच्या ट्रॅव्हल्सची रांग लागली. बैलगाडीच्या काळात चार आणि चाळीस अशी तफावत होती. आता पंधरा आणि नव्वद अशी झाली.

गणित साधं आहे. ताशी ८० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर कापते. समोर काही आहे हे कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद, म्हणजे ३३ मीटर संपले. ब्रेक लागल्यावर चांगल्या कोरड्या रस्त्यावरही आणखी तितकेच मीटर लागतात. एकूण सत्तरच्या घरात. आणि डिपरवर असलेल्या हेडलाइटमध्ये न चमकणारी, मळकट वस्तू दिसते ती साधारण चाळीस-पन्नास मीटरवर. समोरून कुणी अप्पर मारत आला तर तेवढीही नाही. म्हणजे बत्ती नसलेली ट्रॉली ज्या क्षणी दिसते, त्या क्षणी कितीही हुशार ड्रायव्हर असला तरी उशीर झालेला असतो. अपघातानंतर गावात ‘ड्रायव्हरला डुलकी लागली असेल’ असं म्हणतात. कधी कधी ते खरंही असतं. बऱ्याचदा तो टक्क जागा असतो.

कायद्यात यावर उत्तर नव्हतं असं नाही. १९८८चा मोटार वाहन कायदा आणि त्याखालचे १९८९चे केंद्रीय नियम यांत रिफ्लेक्टर कुठे हवेत, सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने किंवा उजेड पुरेसा नसेल तेव्हा कोणते दिवे लागलेले हवेत, हे सगळं लिहिलेलं आहे. अडचण उसाची. तो लांब असतो. मोळ्या ट्रॉलीच्या मागे हात-दोन हात बाहेर येतात, वाढे खाली लोंबतात. ट्रॉलीला नियमाप्रमाणे लाल दिवा आणि रिफ्लेक्टर लावलेले असले तरी भरलेल्या ट्रॉलीत ते उसाच्या पडद्याआड जातात. रिकामी ट्रॉली कायदेशीर, भरलेली ट्रॉली आंधळी. म्हणून हंगामाच्या सुरुवातीला आरटीओ, पोलीस आणि कारखाने मिळून ट्रॉल्यांना, बैलगाड्यांना लाल पट्ट्या आणि परावर्तक कापड बांधण्याचे कार्यक्रम करतात. कापड मालाच्या मागे लोंबतं सोडायचं असतं, त्यामुळे ऊस कितीही बाहेर आला तरी ते दिसतं. फोटो निघतात, बातमी येते. जानेवारीत रस्ता सुरक्षा सप्ताह किंवा महिना असतो, २०२१ मध्ये १८ जानेवारी ते १७ फेब्रुवारी असा पूर्ण महिना पाळला गेला. हे चांगलंच आहे. पण कारखाना सुरू होतो ऑक्टोबर-नोव्हेंबरात. जानेवारीपर्यंत कापड धुरळ्याने माखून मातीच्याच रंगाचं झालेलं असतं.

लखलखणाऱ्या वस्तूचा उपयोग इंग्लंडमधल्या एका माणसाला धुक्यातच सुचला म्हणतात. यॉर्कशायरच्या पर्सी शॉने १९३४ मध्ये रस्त्यात बसवायच्या काचेच्या डोळ्यांचं पेटंट घेतलं. त्याला अंधारात मांजराचे डोळे चमकलेले दिसले, ही त्याची प्रसिद्ध दंतकथा. वीज नको, बॅटरी नको, येणाऱ्याचाच उजेड त्याच्याकडे परत पाठवायचा. नव्या चौपदरी रस्त्यावर दुभाजकाच्या कडेने ते ‘कॅट आय’ रात्री एका ओळीत उजळतात. रस्ता कुठे आहे हे त्यांच्यामुळे नीट कळतं. रस्त्यावर काय उभं आहे, हे ते सांगू शकत नाहीत.

आणि उभं पुष्कळ असतं. ट्रॉलीचं टायर फुटलं, आस मोडला, तर ती तिथेच डांबरावर राहते. वीस टनांचा माल कडेला ढकलणार कोण? ड्रायव्हर चार दगड आणतो, मागे दहा-पंधरा पावलांवर मांडतो, वर बाभळीची नाहीतर कडुनिंबाची फांदी ठेवतो. हा इथला पिढीजात धोक्याचा फलक. दिवसा तो चालतो. रात्री फांदी दिसत नाही आणि दगड तर अजिबात नाही. दुसऱ्या दिवशी ट्रॉली दुरुस्त होऊन निघून जाते. दगड तिथेच. मग त्या रात्री एखादा मोटारसायकलवाला त्या दगडांवर आपटतो. सुरक्षेसाठी मांडलेल्या वस्तूने माणूस मारावा, याइतकी कडू गंमत दुसरी नसेल. प्रत्येक ट्रॅक्टरच्या सीटखाली एक परावर्तक त्रिकोण असला तर हे सगळं टळेल. त्रिकोणाची किंमत एका खेपेच्या डिझेलपुढे काहीच नाही.

चौपदरीकरणाने एक जुना धोका कमी केला. समोरून येणारी गाडी अंगावर येत नाही. त्याच्या जागी दुसरा आणला. यू-टर्न लांब पडतो म्हणून ट्रॅक्टर सरळ राँग साइडने येतो, तोही एकच हेडलाइट चालू ठेवून. समोरून येणाऱ्याला वाटतं मोटारसायकल आहे. ट्रॅक्टरवर डेकचा आवाज इतका मोठा की हॉर्न ऐकू येण्याचा प्रश्नच नाही. याला ड्रायव्हरची बेफिकिरी म्हणणं सोपं आहे. पण खेपेवर पैसे, कारखान्याच्या वजनकाट्यावर नंबर, ऊस रिकामा करायच्या गव्हाणीपर्यंत रांगेत दहा-बारा तास आणि मग परत फडाकडे. रात्रभर झोप उडवायला गाण्याशिवाय त्याच्याकडे काही नाही. ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरसाठी नियम, पाळ्या, निदान कागदावर तरी असतात. ट्रॅक्टरवाल्याचं घड्याळ कारखान्याच्या रांगेवर चालतं.

गावातली पोरं चालत्या ट्रॉलीमागे धावून ऊस ओढतात, हीही हिवाळ्याचीच रीत. पडलेल्या कांड्या रस्त्यावर राहतात, चाकांखाली चिरडतात, पहाटेच्या दवाने चिकट होतात. दुचाकी त्यांच्यावरून घसरते. अंधार पडल्यावर एखादं पोर ट्रॉलीच्या मागे असलं तर मागच्या गाडीला ते दिसणारच नाही. घरचे रागावतात, पोरं ऐकत नाहीत, कारण ओढलेल्या उसाची गोडी विकतच्या उसाला नसते.

धुक्यात गाडी चालवायचे सल्ले आता मोबाइलवर फिरतात. त्यातले निम्मे उत्तरेकडच्या द्रुतगती मार्गांसाठी लिहिलेले. एक मात्र इथे सरसकट चुकीचं शिकलं गेलंय, चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावायचे. मागच्याला वाटतं गाडी उभी आहे, आणि वळायचं असलं तर इंडिकेटर उरतच नाही. जुने ड्रायव्हर डिपरवर जातात, काच थोडी खाली करतात, डाव्या कडेची पांढरी रेघ धरतात आणि फारच दाट झालं तर ढाबा गाठून चहा मागवतात. डांबरावर थांबत नाहीत. चाकूर, शिरूर ताजबंद, लोहा अशा ठिकाणी पहाटे उघडणाऱ्या हॉटेलांचा धंदा थोडाफार या शहाणपणावरच चालतो.

गेल्या काही वर्षांत एक बदल मात्र कुणी न ठरवता होत चाललाय. ऊस तोडायला टोळ्या मिळेनात, मुकादम उचल घेऊन पसार होतात, म्हणून हार्वेस्टर आले. हार्वेस्टर उसाचे वीतभराचे तुकडे करतो. ते नेण्यासाठी उंच जाळीची ट्रॉली लागते. तुकडे जाळीच्या आत राहतात. मागे मोळी लोंबत नाही, वाढे नाहीत. ट्रॉलीचा मागचा चौकोन उघडा राहतो आणि त्यावरची लाल पट्टी, दिवा, नंबर सगळं दिसतं. जे काम परिपत्रकांनी आणि सप्ताहांनी झालं नाही, ते मजूरटंचाईने अर्धंमुर्धं करून टाकलं. उरलं ते ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मधल्या वायरचं. एका हंगामात ती दोनदा तुटते, उंदीर कुरतडतात, फडातून निघताना ती पाचटात अडकते. ती जोडायला गॅरेजवाला थोडे पैसे घेतो आणि अर्धा तास. त्या अर्ध्या तासात काट्यावरचा नंबर हुकतो, म्हणून वायर तशीच लोंबत कारखान्यापर्यंत जाते.